शौचालयाच्या जागेचा कौल

देवाला कौल लावण्याचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो. आमच्या किनाऱ्यावर मासळी निवडणाऱ्या बायका दिवसभर पाणी पीत नसत, कारण जायला जागाच नव्हती. सरपंचबाईंनी खेटे घालून शौचालय मंजूर करून आणलं. जागा मिळाली ती देवराईला लागून. लगेच गावातले वडीलधारे बाबलकाका आडवे आले.

"देवाच्या शेजारी संडास? आधी कौल घे गो!"

देवाने नकार दिला असता, तर मंजुरी परत गेली असती. देऊळ भरलं. गुरवाने ओल्या पाकळ्या पाषाणाला लावल्या. तो गाऱ्हाणं घालणार, इतक्यात सरपंचबाई म्हणाल्या, "गुरवानू, मी सांगतंय तसा इचारा. देवा, गावचे पुरुष रोज सकाळी तुझ्या राईत परसाकडे बसतत. ता तसाच चालू ठेवचा, तर उजवी पाकळी दी. नको, तर डावी."

एक पाकळी सुटायला लागली. बाबलकाका ताडकन उठले.

"रव गो बाय! ह्यां देवाक कित्याक सांगतंस?"

"कित्याक? त्येका दिसना नाय?"

काकांनी आधी पाकळीकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"बांध," ते म्हणाले. "दरवाजो तेवढो समुद्राकडे कर."