बाळंतिणीच्या खोलीची जमीन

धप्प!... धप्प!... धप्प!...

थुत् त्या आवाजाच्या! निजामाचं राज्य गेलं, पण हा आवाज काही माझ्या कानातून जात नाही! आता तुम्ही म्हणाल, म्हातारा कशाचं बोलून राहिला? धुमस हो, धुमस! जड लाकडी ओंडका, खालून सपाट, वर धरायला दांडा. तो उचलायचा आणि घरातल्या ओल्या मातीवर आपटायचा, म्हणजे जमीन घट्ट बसते. शेजारच्या किसनरावाच्या घरी हा धिंगाणा दिवस उजाडायच्या आत सुरू व्हायचा, आणि तो आवाज भिंत ओलांडून थेट आमच्या द्वारकाबाईच्या कानात शिरायचा, आणि तिच्या कानात शिरलेली गोष्ट तोंडातून बाहेर पडायला कितीसा वेळ लागतो?

"अवं, शालूचे आबा! ऐकून राहिले का? किसनरावांनी हिंगोलीचा चाँद पाशा मिस्त्री आणला!"

मी म्हणालो, "हं."

मी तसा कमी बोलणारा माणूस. आमच्या साखऱ्यात कुणालाही विचारा, संतराम किती बोलतो? सांगतील, बैलांना 'हिर्र' म्हणतो, बायकोला 'हं' म्हणतो, संपला त्याचा दिवस. पण पायाखालच्या जमिनीचा विषय निघाला की तुम्हाला सांगतो, माझी जीभ दावं तोडलेल्या वासरासारखी सुटते!

"हं काय हं?" ती म्हणाली. "शालू पहिल्या बाळंतपणाला येणार. त्या खोलीची जमीन बघितली का? उंदरांनी चाळण केली. पिसवा इतक्या की मांजर आत बसत न्हाई! उद्या लेकरू टेकवायचं कुठं? तुमच्या पागोट्यावर? मिस्त्रीला सांगा!"

शालू म्हणजे आमची एकुलती एक. तिच्या लेकरासाठी मी पागोटं काय, पाठ अंथरली असती. पण मिस्त्री? माती पसरायला मिस्त्री? अहो, मी जन्मभर मातीत! मातीत खेळलो, मातीत राबलो, उद्या मातीतच जाणार, आणि माझ्या घरात माती पसरायला हिंगोलीहून माणूस आणायचा? मी म्हणालो, "माती तर आहे, त्यात काय एवढं?"

हेच ते वाक्य. हेच! देवानं त्या वेळी माझ्या तोंडात भाकरीचा तुकडा का कोंबला नाही?

तरी मी गेलो चाँद पाशाकडे. नाही असं नाही, लेकीचा प्रश्न होता. तो किसनरावाच्या ओसरीवर बसलेला, पान खाऊन तोंड असं लाल, की याची दाढ काढली की काय वाटावं. किसनराव म्हणतो, "संतराम, बघ, बघ! आरशासारखी जमीन! तोंड दिसतं!" मी वाकून बघितलं. तोंड कसलं दिसतंय? दिसली ती पानाची पिचकारी, तीसुद्धा ताजी! शिसारी आली हो! पण लेकीसाठी गिळलं सगळं आणि त्याला घरी आणलं.

आला. खोलीच्या दारात उभा राहिला. आत पाऊल नाही! चपलेच्या टोकानं जमीन अशी उकरली, जसं मेलेलं मांजर लोटतात. मग म्हणाला, "पटेल, ये सब निकालना पडता. मुरूम होना. गढी की पांढरी मिट्टी होना."

मी म्हणालो, "चाँदभाई, मुरूम कशाला? आमच्या गावदरीच्या रानात लोण्यासारखी माती आहे."

तर हसला! तुम्हाला सांगतो, माझ्या मातीवर हसला! "काली मिट्टी? नक्को, पटेल, नक्को! काली मिट्टी बडी दगाबाज रहती! खेत में अच्छी, घर में नक्को!"

दगाबाज? ज्या मातीनं माझ्या बापाला पोसलं, मला पोसलं, शालूचं लग्न लावून दिलं, ती दगाबाज? आणि हे सांगतोय कोण? ज्याच्याकडं कुंडीभर माती नाही तो! मी ते कानाआड केलं, विचारलं, "केव्हा येतोस?" तर आभाळाकडं बघून म्हणतो, "देखेंगे. इनका होने दो. फिर वसमत का काम है. फिर... पोळे के आसपास आ जाऊंगा." पोळ्याला! अरे बाबा, आमची शालू आषाढात मोकळी होणार, तिला काय सांगू, थांब गं बाई, मिस्त्री वसमतला आहे? जाता जाता आमच्याच उंबऱ्यापाशी पचकन थुंकला आणि गेला.

द्वारकाबाई म्हणाली, "तर मग दुसरा बघा. सेनगावात असंल कुणीतरी."

मी म्हणालो, "माती तर आहे, त्यात काय एवढं? मी करतो!"

आणि केली हो! एकट्यानं! जुनी जमीन खणून काढली. काय निघालं म्हणता तिच्यातून? उंदराची घरटी, कुणाच्या तरी काळातला वहाणेचा अंगठा, आणि असा वास, असा वास की दोन दिवस मला पिठलं गोड लागेना. ते सगळं उकिरड्यावर टाकलं आणि गाडी जुंपली. हरण्या आणि मोऱ्या, आमची बैलजोडी. गावदरीच्या रानातला नुकताच हरभरा निघालेला, ढेकळं मोकळी, आणि वरची माती अशी, अशी, की तोंडात घालावी! लोक देवाला पहिलं कणीस वाहतात ना, तसं मी रानातला उत्तम तुकडा निवडला. लेकीच्या खोलीला द्यायचं तर काय बांधावरची हलकी माती देऊ?

पसरली. पाणी मारलं. हातानं सारवल्यासारखी अशी गुळगुळीत केली. धुमस नव्हता, म्हणून लाकूड फोडायच्या ओंडक्यानं थोडं ठोकलं, पण हात भरून आले, आणि म्हटलं, कशाला ठोकायचं? बिचारी माती, तिनं काय केलंय? संध्याकाळी द्वारकाबाईला दाखवली. तिनं दारातून वाकून बघितलं आणि म्हणाली, "दिसते तर बरी." आमच्या घरात 'बरी' म्हणजे सोन्याचं कडं समजा!

मग पडलं ऊन. वैशाखाचं. आणि जमीन तडकली.

तडकली म्हणजे? बोटभर नाही हो, हात जाईल अशा भेगा! रानात उन्हाळ्यात पडतात तशाच. रानात पडल्या की मला आनंद व्हायचा, म्हणायचो जमीन तापली, पीक येणार. पण घरात? द्वारकाबाईची सुई गेली. अडकित्ता गेला. एक दिवस बोंब ठोकली, "अवं, धावा! कोंबडीचं पिल्लू गेलं खाली!" मी पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला, आत पिल्लू चिवचिव करतंय, वर कोंबडी माझ्या डोक्यावर टोचे मारून राहिली, आणि किसनराव दारातून विचारतो, "काय संतराम, विहीर खणून राहिला का?" काढलं पिल्लू. जिवंत निघालं, पण पुन्हा कधी त्या खोलीकडं फिरकलं नाही. त्याला अक्कल आली. मला नाही आली!

द्वारकाबाई म्हणाली, "अजून येळ आहे. मुरूम आणा, मिस्त्री आणा."

मी काय म्हणालो असेन? बरोबर! म्हणालो, "माती तर आहे, त्यात काय एवढं? पाणी दिलं की मिटतात भेगा." आणि घागरीवर घागर ओतली. प्याली हो ती माती, चार दिवसांची उपाशी असल्यासारखी प्याली! आणि तुम्हाला सांगतो, मिटल्या भेगा! मी दार ओढून घेतलं, बायकोला बजावलं, "आता हे शालू आल्यावरच उघडायचं. कोंबड्या घाण करतात." मनात म्हटलं, लेकीला पहिलं पाऊल टाकू द्यावं.

ज्येष्ठात आली शालू. गाडीतून उतरली, पोट हे एवढं, तोंड सुकलेलं, पण मला बघून हसली. "आबा, आई म्हणाली तुमी माझ्यासाठी जमीन केली?" माझी छाती आपोआप फुगली. दारापाशी गेलो, दार लोटलं. उघडेना. जोर लावला, उघडेना. माती फुगली होती आतून, दार धरून बसली होती! मग खांदा लावला, किसनरावानं मागून मला लोटलं, आणि धाडकन दार उघडलं.

आत हरभरा उभा होता.

हसू नका! वीतभर हरभरा! रानातले सांडलेले दाणे मातीबरोबर आलेले, मी घागरी ओतलेल्या, अंधाराची ऊब मिळाली, त्याला आणखी काय पाहिजे? पिवळा, लांबुडका, आजाऱ्यासारखा, भिंतीपासून भिंतीपर्यंत! त्याच्या मुळांशी गांडुळं वळवळतायत, कोपऱ्यात वाणी किडे वेटोळी करून बसलेत, आणि वास कसला? पोळ्याच्या पावसात भिजलेल्या घोंगडीचा! मला माझ्याच घराची किळस आली हो!

किसनराव म्हणाला, "लोक माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवतात. संतराम, तू तर झाड घरातच लावलं!"

आमची ही म्हणाली, "राहू द्या आता. घाटे धरले की हुळा भाजू. बाळंतिणीला तेवढंच."

आणि शालू, पोरगी माझी, उंबऱ्यावर हात टेकून उभी होती. घामेजलेली, तीन कोस गाडीत हादरे खाऊन आलेली. तिनं आत बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि हळूच म्हणाली, "आबा, मी कुठं निजू? सरीत का वरंब्यावर?"

सगळे हसले. तीही हसली. पण हसता हसता ती खालीच बसली, उंबऱ्यावरच, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. ते मला लागलं. मी कोपऱ्यात जाऊन हरभरा उपटायला लागलो, तर द्वारकाबाईनं माझा हात धरला. "आता उपटून काय करता? आभाळ भरून आलं. गोठा रिकामा करा."

"गोठा? माझी लेक गोठ्यात?"

"गोठ्याची जमीन बघा आधी," ती म्हणाली.

बघितली. खोटं कशाला बोलू? कधी बघितलीच नव्हती, चाळीस वर्षं तिथं रोज जाऊन! खणखणीत! बीळ नाही, भेग नाही, पिसू नाही. तिनं झाडली, धुरी दिली, शेणानं सारवली, बाज टाकली, आणि बाळंतिणीची खोली तयार! कोण मिस्त्री, कसला मुरूम, काही नाही! मग बैल कुठं बांधायचे? माझ्या त्या खोलीत! हरण्या आणि मोऱ्या आत शिरले, हरभरा बघितला, आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जन्मात एवढ्या उपकारानं माझ्याकडं कुणी बघितलं नाही. एका रात्रीत पीक साफ! आणि मग काय, दोन महिने तिथंच मुक्काम. शेण काय, मूत काय, चिखल काय, माझ्या हातानं सारवलेल्या जमिनीचा असा राडा की मी तिकडं बघायचं सोडून दिलं. दार दिसलं की तोंड फिरवायचो. वैरण टाकायची ती डोळे मिटून!

आषाढात शालू मोकळी झाली. गोठ्यात. बाहेर पाऊस, मी पागोट्यानं तोंड झाकून गोठ्याच्या भिंतीला बाहेरून टेकलेलो, आणि आतून टाहो ऐकू आला. सुईण म्हणाली, "पोरगी आहे, आबा!" खाली गोधडी टाकलेली, तिच्यावर ते लेकरू, मुठी आवळून. जमीन कोरडी होती. मी हात लावून बघितली. दोनदा बघितली.

आता एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला सांगतो, गप्प बसलो असतो. पण मिस्त्री लोकांची जातच अशी, नको तेव्हा उगवतात! पोळ्याचा दिवस. बैल धुऊन, शिंगं रंगवून, अंगणात बांधलेले. द्वारकाबाईनं ती खोली चार दिवस आधीच झाडून सारवून घेतली होती, कशाला ते मी विचारलं नव्हतं. आणि दारात कोण? चाँद पाशा! खांद्यावर धुमस, गालात पान! "पटेल, बोला था ना, पोळे के आसपास आता?"

गेला सरळ खोलीत. मी मागून, जीव मुठीत धरून. म्हटलं, आता हा हसणार. चपलेचं टोक मारलं त्यानं. टण्! पुन्हा मारलं. मग चपला काढल्या हो त्यानं! खाली बसला, तळहात फिरवला, कान लावला. मीही पहिल्यांदाच नीट बघितलं. काळीभोर, घट्ट, तुळतुळीत जमीन! कोपऱ्यापर्यंत सारखी!

"पटेल," तो म्हणाला, "ये काली मिट्टी है?"

"व्हय."

"काली मिट्टी ऐसी बैठी? दिनभर कूटा होगा. किसने बनाया?"

आता तुम्हीच सांगा. सहा महिन्यांमागं ज्यानं थुंकल्यासारखं बोलून घेतलं, तो माणूस अनवाणी, माझ्या जमिनीवर गुडघे टेकून विचारतोय, किसने बनाया! तुम्ही काय म्हणाला असता? शेण तुडवलं कुणी, मूत मुरवलं कुणी, रात्रंदिवस खुरांनी कुटलं कुणी, हे सगळं त्याला सांगत बसला असता? मी छाती फुगवली, आणि म्हणालो, "मीच केली, चाँदभाई. माती तर आहे, त्यात काय एवढं?"

मागं बांगड्या वाजल्या.

द्वारकाबाई दारात उभी होती. हातात बैलांच्या पूजेचं ताट, पुरणपोळ्या, हळदकुंकू. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक. ती तशीच वळली, अंगणात गेली. हरण्याला कुंकू लावलं, पोळी भरवली, खांद्यावरून हात फिरवला. मोऱ्याला कुंकू लावलं, पोळी भरवली, खांद्यावरून हात फिरवला. मग परत आत आली. चाँद पाशा बघतोय, मी बघतोय. माझ्या कपाळाला कुंकू लावलं, ताटातली तिसरी पोळी माझ्या तोंडात कोंबली, माझ्या खांद्यावरून तसाच, अगदी तसाच हात फिरवला, आणि निघून गेली.