बोल्टवरचा पिवळा ठिपका

मिस्त्री : मामा, गाडीखाली डोकं घालून काय बघताय एवढं? तुम्ही बघून गिअरबॉक्स बरा होणार आहे का? सरका बाजूला, तेल टपकतंय.

ड्रायव्हर : टपकू दे. किती वाईट आहे ते सांग.

मिस्त्री : गिअरबॉक्सखालचं तेलाचं चेंबर खोलून ठेवलंय समोर. बोट घाला त्यात. घाला हो, चावत नाही.

ड्रायव्हर : काळं झालंय.

मिस्त्री : नुसतं काळं? वास घ्या, जळालंय ते. आणि हे चुंबकाला चिकटलंय ना, हा आतल्या लोखंडाचा चुरा. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना झटका देत होती म्हणालात ना? आता तेवढंही करायची नाही.

ड्रायव्हर : असं नको रे बोलूस. सोमवारी हॉटेलवर गाडी लावायचीय. पाहुण्यांना विमानतळावरून आणायचं, परत सोडायचं, वर्षभराचं काम आहे. त्यांना असलीच गाडी लागते. साधी नेली तर दारात उभी करू देत नाहीत.

मिस्त्री : सोमवार विसरा. नवा गिअरबॉक्स म्हणजे तुम्ही गाडीला मोजले त्याच्याहून जास्त. मोठ्या गाडीचं असंच असतं मामा. जुनी झाली की गाडी येते पाव किमतीत, पार्ट मात्र पूर्ण किमतीत.

ड्रायव्हर : मला शिकवतोस? अकरा वर्षं ही गाडी मी चालवलीय. साहेब मागे, मी पुढे. काच किती खाली केली की साहेबांच्या कानाला वारं लागतं, तेसुद्धा मला पाठ होतं. साहेब गेले, ऑफिसला कुलूप लागलं, आणि हातात जी काय रक्कम आली ती मी सगळीच्या सगळी ह्या गाडीसाठी बाईसाहेबांपुढे नेऊन ठेवली. बायको बोंबलत होती, छोटी गाडी घ्या, छोटी गाडी घ्या. म्हटलं, अगं, परकी गाडी घेतली तर फसू. हिची नस न् नस मला माहीत आहे.

मिस्त्री : मग आता काय करणार!

ड्रायव्हर : काय करणार म्हणजे? काहीतरी कर ना! नवं तेल घाल. सेकंडहँड गिअरबॉक्स शोध. तुझ्या पाया पडतो.

मिस्त्री : अहो, पाया काय पडताय! शोधतो. पण हे मॉडेल भंगारातसुद्धा मिळत नाही लवकर. धरा, ते बोल्ट तेवढे ताटलीत टाका.

ड्रायव्हर : मिस्त्री.

मिस्त्री : काय?

ड्रायव्हर : ह्या बोल्टांवर हा पिवळा ठिपका कसला?

मिस्त्री : कसला कसला? रंग असेल.

ड्रायव्हर : सगळ्याच बोल्टांवर? आणि सगळ्या ठिपक्यांना मधोमध चीर गेलीय. ताजी.

मिस्त्री : मी आत्ता खोलले ना, म्हणून गेली.

ड्रायव्हर : म्हणजे हा कंपनीचा रंग. बोल्ट आवळला की कंपनीत वरून ठिपका देतात, कुणी खोलला तर कळावं म्हणून. मागे तूच सांगितलं होतंस मला, ह्याच बाकावर बसून. मग आजपर्यंत हा शाबूत कसा?

मिस्त्री : मामा, चहा मागवू का?

ड्रायव्हर : चहा गेला चुलीत! माझ्याकडे बघून बोल. सर्व्हिसच्या पुस्तकात गिअरबॉक्स ऑइल बदलल्याचे चार शिक्के आहेत. तुझे शिक्के.

मिस्त्री : आणि तुमच्या सह्या. साळसूदपणा नका दाखवू. बिल कंपनीच्या तेलाचं लावायचं, तेल हलकं घालायचं, वरचे पैसे अर्धे अर्धे. ठरवलं कुणी होतं?

ड्रायव्हर : मीच ठरवलं. पोरीच्या कॉलेजची फी त्यातून गेली, खोटं कशाला बोलू. पण हलकं का होईना, तेल बदलायचं ठरलं होतं! तू चेंबर एकदाही खोललं नाहीस?

मिस्त्री : अर्धा दिवस जातो हो त्यात. आणि तुम्हाला नेहमी घाई, साहेब मीटिंगमधून बाहेर येतील म्हणून. इंजिनचं बदलायचो की. शपथ. गिअरचं म्हटलं पुढच्या वेळी बघू. मग तेही राहिलं, आणि पुढचंही. शिक्के तेवढे मागाहून अंदाजे तारखा टाकून मारले.

ड्रायव्हर : मला वाटायचं, मी साहेबांना फसवतोय तर निदान किती फसवतोय ते तरी मला ठाऊक आहे.

मिस्त्री : मला काय स्वप्न पडलं होतं, तुम्हीच घ्याल गाडी? साहेब लोक पाच-सहा वर्षांत विकून टाकतात. तुमचे साहेब धरून बसले.

ड्रायव्हर : मेलो मी. बायकोला काय तोंड दाखवू? तिच्या बांगड्यासुद्धा टायरांना गेल्या रे.

मिस्त्री : ऐका माझं. बाईसाहेबांना फोन लावा. गाडी घेऊन दोनच महिने झालेत. म्हणावं, गाडी आधीपासून खराब निघाली, थोडे पैसे परत द्या. पुस्तक आहे ना आपल्याकडे. सगळे शिक्के वेळेवर, म्हणजे आपल्याकडून काही राहिलं नाही.

ड्रायव्हर : लाज नाही वाटत तुला?

मिस्त्री : वाटते. पण सोमवारी हॉटेलवर लाज उभी करणार का?

(ड्रायव्हर फोन लावतो, स्पीकरवर.)

बाईसाहेब : बोला काका. बऱ्याच दिवसांनी आठवण काढलीत. घरी सगळं ठीक?

ड्रायव्हर : हो बाईसाहेब. म्हणजे, नाही. गाडीचा गिअरबॉक्स गेला. पूर्ण गेला.

बाईसाहेब : अरे देवा. तुमचं ते हॉटेलचं काम सुरू व्हायचं होतं ना?

ड्रायव्हर : सोमवारी. मला सुचत नाहीये काही. कधी कुणापुढे हात पसरला नाही, पण आता... तुमच्याकडे असतानाच आतून बिघडली असणार. थोडी मदत झाली असती तर. आम्ही तर सगळं वेळच्या वेळी केलं होतं. पुस्तक आहे, तुम्ही बघा हवं तर.

बाईसाहेब : पुस्तक मी बघितलंय, काका. गाडी विकायची म्हणून बसून पान न् पान वाचलं.

ड्रायव्हर : मग झालं तर. त्यात सगळं आहेच.

बाईसाहेब : एका पानावर ऑगस्टच्या चौदा तारखेचा शिक्का आहे. गिअरबॉक्सचं तेल बदललं म्हणून. त्या दिवशी साहेबांचं ऑपरेशन होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत गाडी हॉस्पिटलच्या दारात उभी होती, आणि तुम्ही स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होतात. मीच खाली येऊन तुम्हाला चहा दिला होता.

ड्रायव्हर : बाईसाहेब...

बाईसाहेब : रडणं खरं होतं, ते मला कळतं. शिक्का खरा नव्हता.

ड्रायव्हर : तुम्हाला ठाऊक होतं? मग गाडी मला कशाला दिलीत? एक शब्द बोलला असतात तर मी घेतलीच नसती हो!

बाईसाहेब : दोन गिऱ्हाईकं आली होती, तुमच्याहून जास्त द्यायला तयार. पण त्यांच्या हातात ते पुस्तक द्यायचं म्हणजे त्यांना फसवायचं. माझं मन धजेना. तेवढ्यात तुम्ही आलात. मी तर सुटकेचा निःश्वास टाकला. आत काय केलंय आणि काय केलेलं नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?