गिमारासला पासिंग आत्याकडे

बातांगासच्या बंदरावर तिकिटांच्या रांगेत लिगायाच्या पुढे तीन माणसं होती: एक म्हातारा, त्याचा मुलगा गार्दो आणि सून मिरासोल. म्हाताऱ्याच्या काखेत झुंजीचा कोंबडा होता. लिगायाने कानातलं गाणं बंद केलं.

"बोटीतून गाडी उतरवायची, मिंदोरो ओलांडायचं. पुन्हा बोट, मग पनाय. मग गिमारासला पासिंग आत्याकडे. मजा येईल, बाबा!" गार्दो म्हणाला.

"मला कधी कोपऱ्यावरच्या चर्चपर्यंत नेलं नाहीस. आणि आता एकदम तीन बेटं?"

"सुट्टी मिळाली."

"हा कोंबडा गाडीत चालायचा नाही ना तुला? घाण करतो म्हणून?"

"तुम्हाला त्याच्याशिवाय करमत नाही."

"चार दिवसांसाठी? आणि माझा पंखा कशाला घेतलास गाडीत?"

"आत्याकडे फार उकडतं हो, बाबा," मिरासोल म्हणाली.

"तू तर बोलूच नकोस. आज सकाळी माझा हात कपाळाला लावून आशीर्वाद घेतलास. लग्नानंतर पहिल्यांदा!"

"घेतला तर बिघडलं कुठे?"

"बरं, माझ्या बहिणीकडून परत कधी निघायचं?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

"तुमचं परतायचं बघू, का माझंही?"

"बाबा, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू देत की! साक्षीला बरे."

रांग सरकली. खिडकीतल्या बाईने विचारलं, "जायची किती?"

"तीन," गार्दो म्हणाला.

"आणि यायची?"

गार्दोने मिरासोलकडे पाहिलं. म्हाताऱ्याने त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि खिडकीशी तोंड नेलं.

"यायचीही तीन, बाई. आत्ताच फाडा."

खिडकीतून सहा तिकिटं बाहेर आली.