कच्चे टाके

आई : अकरालाच घरी? आज सराव नव्हता का?

मुलगा : होता. कोचने मिठी मारली.

आई : एका हाताने की दोन्ही?

मुलगा : दोन्ही.

आई : मग खोकी काढायला हवीत.

मुलगा : काढ. पलंगामागे आहेत.

आई : काय म्हणाला?

मुलगा : तुझ्यासारखा माणूस उभ्या जन्मात पाहिला नाही म्हणाला.

आई : मागच्या गावातलाही हेच म्हणाला होता. तुझ्यासारखी माणसं या लोकांना मिळत नाहीत म्हणे, आणि मिळाली की ठेवत नाहीत.

मुलगा : मला सकाळीच कळलं होतं. माझ्या खुंटीवर दुसऱ्याचा टॉवेल होता. सामानवाल्याने माझे हातमोजे पिशवीत भरून, वर गाठ मारून ठेवले होते. एरवी थांबवून विनोद सांगणारा माणूस, आज बुटाची नाडी बांधत बसला. बूट कुणाचे होते कोण जाणे.

आई : पण तीन वर्षांचा करार आहे ना तुझा? आठच महिने झाले.

मुलगा : करार आहेच. मला उसना दिलाय, दुसऱ्या क्लबला. दुसऱ्या देशात.

आई : उसना? वाटीभर साखरेसारखा?

मुलगा : तसंच.

आई : ती साखर परत येते का कधी?

मुलगा : वाटी येते.

आई : तू नाही म्हण ना. सही तर तुझीच लागत असेल.

मुलगा : लागते. नाही म्हणायला पूर्ण मोकळीक आहे. मग मागच्या मैदानावर एकट्याने सराव करायचा. बाकीचा संघ पुढे, मी मागे.

आई : करावा की. तेवढीच शांतता.

मुलगा : मी गोलकीपर आहे, आई. एकट्याने काय अडवू? समोरून चेंडू मारायला तरी कुणीतरी लागतं.

आई : तसाही तू राखीवच. यंदा किती खेळलास?

मुलगा : अडीच सामने.

आई : तो अर्धा कसला?

मुलगा : पहिल्या गोलकीपरला उलटी झाली होती.

आई : हां, तो. चांगला खेळला होतास. बरं, डॉक्टरची तपासणी असेल ना तिकडे?

मुलगा : उद्या चार वाजता.

आई : मग गुडघा थोडा धरून चाल. तसाही दुखतोच. नापास करतील.

मुलगा : नापास झालो तर ते घेणार नाहीत, आणि गुडघा वाईट म्हणून हेही ठेवणार नाहीत. तेहतीस वर्षांचा, राखीव आणि लंगडा. एजंट फोन उचलतो, तेवढाही उचलणार नाही.

आई : म्हणजे पास झालास तरी जायचं, नापास झालास तरी जायचं.

मुलगा : पास झालो तर काम असेल.

आई : मग एकटाच जा. सूनबाई, ठकी आणि मी, आम्ही तिघी इथे राहतो.

मुलगा : घर क्लबचं आहे. नव्या गोलकीपरला दिलंय. फोटो दाखवले त्याला. पडदे आवडले म्हणे.

(आई शिलाई मशीनवरचं कापड उचलून मांडीवर घेते.)

आई : त्याला काय जातंय आवडायला.

मुलगा : तिला कसं सांगू?

आई : सूनबाई पाचला येईल दवाखान्यातून. अकरा वर्षांनी नोकरी लागलीय तिला. काल डबा भरताना सांगत होती, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नावाची पाटी करायला टाकलीय. छोटी आहे, टेबलावरची.

मुलगा : मला नाही बोलली.

आई : तुझा सामना होता ना काल. बाकावर बसायचं असलं तरी तुला त्रास नको म्हणाली.

मुलगा : आणि ठकी?

आई : ठकीने परवा वर्गात एकाला शिवी दिली. इथल्या भाषेत. शाळेतून चिठ्ठी आली. दोन गावं झाली, पोर वर्गात तोंड उघडत नव्हती. सूनबाईने चिठ्ठी कपाटाला चिकटवून ठेवलीय.

मुलगा : ती चिठ्ठी मी पाहिली. मला वाटलं, बक्षीस आहे.

आई : आहेच.

मुलगा : आई, मी मुद्दाम नाही गं करत.

आई : तू चेंडूसुद्धा मुद्दाम सोडत नाहीस, मला ठाऊक आहे. ऊठ, खोकी दे. पडद्यांपासून सुरुवात करू. सहा घरं मी पडदे कधी कापले नाहीत. खालून दुमडायचे आणि कच्चे टाके घालायचे. नव्या घराची खिडकी उंच असली की टाके उसवायचे. झाले पडदे लांब.

मुलगा : या वेळी कापलेस.

आई : वीतभर. वर मशीनची पक्की शिलाई घातली. तूच म्हणालास, तीन वर्षं आहेत, काप बिनधास्त.

मुलगा : म्हणालो होतो.

आई : तिथल्या खिडक्या केवढ्या आहेत?

मुलगा : माहीत नाही. एजंट म्हणाला, उजेड भरपूर आहे.

आई : म्हणजे उंच असणार.

मुलगा : नवे घेऊ आपण, आई. हे राहू देत त्याला.

आई : नवे कशाला? कापलेले तुकडे फेकले नाहीत मी.

मुलगा : का?

आई : कपाटात, खालच्या पिशवीत आहेत. सुई-दोराही त्यातच आहे, घेऊन ये.