साहेबांचा व्हिडिओ आधी

भोसरीच्या थांब्यावर कौशल्याबाई लेकाचा, गणराजचा, डबा घेऊन दवाखान्याच्या बसची वाट बघत होत्या. शेजारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घातलेला एक पोरगा नि एक पोरगी बोलत होती.

"ओंकार, राउटरचं सेटिंग तूच केलंस ना? मग प्रेसशॉपच्या फोनचा आवाज का तुटला?"

"फोन नि व्हिडिओ, दोन्हीला लाइन एकच गं. गर्दी झाली की आधी कुणाला सोडायचं, हे राउटरला सांगून ठेवावं लागतं. मी फोन सगळ्यात वर ठेवले होते."

"मग?"

"परदेशी पाहुण्यांसमोर साहेबांचा व्हिडिओ अडकला. म्हणाले, माझी मीटिंग वर घे, प्रेसशॉपचे फोन तळाला टाक. तिथनं चहाच तर मागवतात."

"आणि तू टाकलेस."

"कॉन्ट्रॅक्टवर आहे मी. काय करू?"

"त्या गणराजचा हात पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये सापडला, तेव्हा फोन लागला होता म्हणे."

"लागला. पण गेटवर नुसते आवाजाचे तुकडे. वॉचमनने दोनदा ठेवून दिला. मोबाइल तर सगळ्यांचे गेटवरच जमा. शेवटी एक जण पळत गेला, तेव्हा कुठे गाडी निघाली."

"आणि मीटिंग?"

"झकास झाली. एकदाही अडकली नाही."

"आता तरी फोन वर घे."

"विचारलं ना. उद्या अपघाताची चौकशी आहे, व्हिडिओवर. ती होईपर्यंत सेटिंगला हात लावू नको म्हणाले."

बस आली. ओंकार पुढे झाला.

"मावशी, द्या ती पिशवी, मी धरतो."

"ऱ्हाऊ दे. माजं दोन्ही हात शाबूत हायेत."