सात पिढ्यांची नावं

नारीन शहरातल्या फोन कंपनीच्या रांगेत माझ्यापुढे बुरुलसुन आपा होती, काउंटरपलीकडे टायवाला तरुण.

"'आई, मी तुरुंगात आहे, पैसे पाठव,' असा मुलाच्या नावानं फोन आला मला."

"पाठवले, आपा?"

"खुळी आहे का मी? म्हटलं, सात पिढ्यांची नावं सांग. इथलं शेंबडं पोरही सांगतं. आजोबांच्या पुढं अडकला नि फोन ठेवला. शेजारणीनं मात्र गाय विकली. या चोरांना तुम्ही अडवत का नाही?"

"आम्ही फक्त फोन पोचवतो."

"म्हणजे चोराला खांद्यावर घेऊन दारापर्यंत आणता!"

"हवं तर नंबर बंद करतो."

"त्याचा?"

"तुमचा."

"अस्सं! तू कोणाचा रे? सात नावं सांग बघू."

"वडील मिर्लान, आजोबा सादीक... आपा, मागं रांग आहे. पुढचे कोण?"

"त्यानंही इथंच फोन ठेवला."