बिदाईचा बापूराव

—नाई, नाई, पुंडलिकराव, तो नाई मिळत आता. पोरीच्या लग्नाले बँड पाहिजे तं बोला. वीस माणसं, लाल कोट, दोन ट्रंपेट, ढोल असा का शेजारच्या गावची म्हैस दावं तोडते. शुक्रवारी सिनेमा लागला का सोमवारी त्याचं गाणं आमच्याकडं तयार. पण बापूराव—ते नावच काऊन काढलं तुम्ही? बसा ना, चहा घ्या, केळझरची गाडी पाचले हाय, घाई काय? क्लॅरनेटच पाहिजे ना? आमचा नत्थूजी हाय की. चांगला वाजवतो. बरा वाजवतो. म्हणजे—आवाज निघतो.

हसू नका. कुठं ऐकलं तुम्ही बापूले? बहिणीच्या लग्नात? सत्त्याहत्तर साल, टेकडीखाली मांडव—हो हो, आठवलं, तुमच्या इथं बुंदी संपली होती अन् व्याही रुसले होते. तो आमचाच बँड. बापू तेव्हा माझ्याकडंच होता. माझ्याकडंच म्हणजे काय, मीच त्याले उभं केलं. एकाहत्तरले आला तं हातात खुळखुळा दिला होता मी, खुळखुळा! नवीन माणसाले तेच देतो आम्ही, काही चुकलं तरी समजत नाई. दोन वर्षं खुळखुळा, मग झांज, अन् एक दिवस आमचा क्लॅरनेटवाला नागपूरच्या बँडात पळाला तं हा म्हणे, भैयाजी, मी वाजवू? म्हटलं, तू? केव्हा शिकला? तं म्हणे, ऐकून राह्यलो होतो ना इतके दिवस. अन् त्यानं क्लॅरनेटची पत्ती ओठात धरली—

काय सांगू. जाऊ द्या.

तर बिदाईचं असं हाय, की वरातीत कोणी बँड ऐकत नाई. वरातीत नाचते लोक. पंगतीत जेवते लोक. बँड ऐकते तो बिदाईलेच, कारण तेव्हा कोणाले काही सुचत नाई. पह्यले आम्ही त्या वेळी सिनेमातलं रडकं गाणं वाजवत होतो, सगळे वीसच्या वीस. मग एका लग्नात—चौऱ्याहत्तर असंन—माझे ट्रंपेटवाले पंगतीत अडकले, जिलबी होती, उठेचनात. इकडं पोरगी बापाच्या गळ्यात पडली. बापू एकटाच उभा. त्यानं आपल्या मनचंच काही वाजवलं. ना सिनेमाचं, ना भजनाचं. बायका रडणं थांबवून ऐकत उभ्या राह्यल्या, पुंडलिकराव. रडणं थांबवून! अन् मग अशा रडल्या का नवरदेवाची आत्या, जिले आहेरात कोणीच काही दिलं नव्हतं, तेही रडली.

तेव्हापासून तेच. लोक येत तं म्हणत, भैयाजी, बँड तुमचा, पण बिदाईले बापूराव. अठ्ठ्याहत्तरले तो मले म्हणे, मी आता एकटाच वाजवतो. भांडला नाई. कोट धुऊन, घडी करून आणून दिला, वरची बटणंसुद्धा नीट लावलेली. मी म्हटलं, अरे, एकटा क्लॅरनेटवाला कोणी पाह्यला काय? बाजेवाल्याले वीस माणसं मागं लागते, नाई तं तो भिकारी दिसते. तं म्हणे, दिसीन. अन् निघाला. क्लॅरनेटची पेटी पिशवीत, पांढरा सदरा, एसटीच्या मागच्या सीटवर. आर्वी म्हणू नका, पुलगाव म्हणू नका, हिंगणघाट—सगळीकडं. वरातीत नाई जात. जेवण झाल्यावर येईन म्हणे, फक्त बिदाईले वाजवीन, अन् माझं मी बनवलेलंच वाजवीन, फर्माईश नाई. असं बोलतेत काय गिऱ्हाइकाशी? अन् लोक ऐकत होते ना त्याचं! लोक त्याच्या तारखा विचारून मुहूर्त काढत. दर पोरीसाठी थोडी वेगळी वाजवे धून. म्हणे, पोरीचं चालणं पाहून ठरवतो.

मग? मग काय, बंद झालं. म्हातारा झाला. ओठ गेले त्याचे.

आं? बावन्न म्हणजे म्हातारा नाई तं काय? बरं, नाई झाला म्हातारा. तुम्ही केळझरचे असून तुम्हाले ठाऊक नाई? खरंच नाई? लोक म्हणते—मी नाई म्हणत, लोक—का बापूनं ज्या पोरीले वाजवलं ते पोरगी परत माहेरी येत नाई. जिवंत.

ठेवला ना कप खाली? पाहा. असंच होते. ऐकणाऱ्याचा हात आधी थांबते.

सेलूच्या अण्णाजीपासून सुरू झालं ते. व्यापारी माणूस, लग्न जोरात, ऐंशीच्या उन्हाळ्यात. बँड माझा अन् बिदाईले बापू. मांडवात अण्णाजी मले म्हणे, भैयाजी, तुमची माणसं जरा तिकडं घ्या, कडब्याच्या गंजीमागं, बापूरावचं नीट ऐकू आलं पाहिजे. कडब्याच्या गंजीमागं! वीस माणसं लाल कोट घालून, बगलेत बाजे धरून, बैलासारखी उभी—अन् तो समोर एकटा, पांढऱ्या सदऱ्यात. वाजवलं. चांगलं वाजवलं. मीही ऐकलंच की, कान काय बंद करता येते? ते पोरगी पोळ्याच्या आत गेली. स्टोव्ह भडकला म्हणे. घरात चहा पिणारी सहा माणसं, पण भडकला तो हिच्याच हातात. सगळ्यायले समजलं होतं काय झालं ते. अण्णाजीलेही समजलं होतं. पण व्याही मोठे, अन् घरी आणखी एक पोरगी लग्नाची. मग सासरच्यायले कोणी विचारलं नाई. क्लॅरनेटले विचारलं.

कोणी विचारलं म्हणजे? लोकायनं. लोक म्हणजे—आता लोक म्हणजे कोण सांगू? स्टेशनाजवळच्या पानठेल्यावर चार जण उभे होते. गोष्ट निघाली. कोणीतरी म्हटलं, बापूरावच्या वाजवण्यानं पोरगी चालली तं जशी कायमचीच चालली. हसून म्हटलं हो. गमतीत.

मीच म्हटलं. बस. अहो, पान खाताना माणूस काय नाई बोलत? कडब्याच्या गंजीमागं तुम्ही उभे राह्यले असते तं तुम्हीही बोलले असते. मले काय ठाऊक, ते बोलणं माझ्याआधी आर्वीले पोहोचेल! पुढच्या हंगामात हिंगणघाटची एक पोरगी बाळंतपणात गेली. झालं. मग एकीनं विहीर जवळ केली. झालंच! पाच-सहाशे लग्नं वाजवली असतील त्यानं. तीन पोरी लोकायनं बोटावर मोजल्या. जिवंत पोरी कोण मोजते?

एका वर्षात मोकळा झाला तो. ठरलेल्या तारखासुद्धा सोडवून नेल्या लोकायनं—घरी जाऊन, हात जोडून, फार आदरानं. बापूराव, तुमचं वाजवणं आम्हाले मान्य हाय, पण पोरीचं काम हाय. तो म्हणे, बरोबर हाय. भांडला नाई. कोणाशीच नाई भांडला, तेच तं. आता जिनिंगमध्ये हाय, कापसाच्या गाड्या लागल्या का फाटक उघडते अन् लावते.

अन् त्याची पोरगी, सुलोचना—तिचं लग्न झालं चौऱ्याऐंशीले. माझ्याकडं आला पत्रिका घेऊन. भैयाजी, बँड तुमचाच पाहिजे. मी म्हटलं, अन् बिदाईले? तं म्हणे, मुलाकडच्यायनं अट घातली—बाप वाजवणार नाई. मी म्हटलं, मग तू काय म्हटलं? म्हणे, मी काय म्हणणार, पोरीचं काम हाय.

फुकट वाजवलं आम्ही. तसं सांगतो हो तुम्हाले, एक पैसा नाई घेतला. तर पोरगी आली गळ्यात पडायले. नत्थूजीनं सिनेमातलं काढलं. अन् बापूनं तिले जवळ घेतली तं मी मागंच उभा, मले तिची पाठ दिसून राह्यली होती, शालूवर त्याचे दोन्ही हात. बोटं हलत होती त्याची. तिच्या पाठीवर. वर-खाली, एक-एक बोट, छिद्रावर ठेवते तशी. पूर्ण वाजवली त्यानं, पुंडलिकराव, आवाजाशिवाय. अन् तिले समजलं, ते रडायची थांबली—चौऱ्याहत्तरले त्या बायका थांबल्या होत्या ना, तशी. तिकडून तिची सासू पाहून राह्यली होती. मले वाटलं, पाह्यलं हिनं आता. मी ढोलवाल्याले म्हटलं, जोरात. जोरात वाजव बे!

त्याच्या भल्यासाठीच म्हटलं. नाई तं काय?

पोरगी सुखात हाय. एक लेकरू हाय. दिवाळीले येते, राखीले येते, सासू पोचवायले येते. अन् लोक काय म्हणते? पाहा, बापानं वाजवलं नाई, म्हणून पोरगी जगली. आता याच्यावर काय बोलता?

म्हणून म्हणतो तुम्हाले. तुम्ही स्वतः होऊन त्याचं नाव काढलं—पाच वर्षांत पह्यलाच माणूस हाय तुम्ही. बोलवा ना त्याले. मी येतो संग जिनिंगवर, आत्ता, सायकल हाय माझी. तो नाई म्हणेल, मी पाय धरतो त्याचे. बिदाईले माझी माणसं मीच गंजीमागं उभी करतो, तुम्ही सांगायचीही गरज नाई. एक लग्न वाजवलं अन् पोरगी पंचमीले हसत माहेरी आली, का तोंडं बंद होतील सगळ्यायची. तुमची बहीण तं बरी हाय ना? आर्वीलेच हाय ना? लेकरं? तीन! नऊ वर्षं झाली, बापूनंच वाजवलं होतं तिले! मग?

मग काय, पुंडलिकराव?

नाई, मी सांगून राह्यलो ना, मी उठवलेली गोष्ट हाय ते. माझ्या तोंडानं. पानठेल्यावर. याच्यावर आणखी कोणाची साक्ष पाहिजे तुम्हाले?

हो. हो, समजलं. पोरीचं काम हाय.

घरी विचारून सांगता? अन् घरी विचारलं का काय होईल ते तुम्हालेही ठाऊक, मलेही ठाऊक. बरं. बँडच ठेवा मग. वीस माणसं. बिदाईले सिनेमातलं वाजवू, नवीन हाय एक, बायका रडते त्याच्यावर. तारीख सांगून ठेवा, दुसऱ्यानं घ्यायच्या आधी.

आं? बापू तिकडं येणार तं नाई ना, असं म्हणता? लग्नाच्या दिवशी, केळझरले?

नाई येत. त्याची हमी माझी. जा तुम्ही, गाडी सुटते.